फोटोपुरता हात

मार्च जवळ आला की मुलुंड पूर्वेला एका मंडळाचा फ्लेक्स लागतो. 'महिला दिनानिमित्त भव्य बुद्धिबळ व पाककला स्पर्धा.' वर पदाधिकाऱ्यांचे गोल गोल चेहरे आणि खाली एक जुना फोटो. दोन बायका पटावरून हात मिळवताहेत. एक पंचविशीची, कपाळावर केस आलेली, थोडी भांबावलेली. दुसरी साठी ओलांडलेली, सुती साडीतली. कॅमेऱ्याकडे न बघता ती अजून पटाकडेच बघतेय. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'आमच्या पहिल्या विजेत्या', आणि बाण त्या साडीवाल्या बाईंकडे.

दरवर्षी मी ते वाचते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. त्या विजेत्या नव्हत्या. त्यांनी स्वतः माइकवर तसं सांगितलं होतं. आणि फोटोतला तो हात त्यांनी माझ्या सांगण्यावरून पुढे केला होता.

त्या माझ्या घरमालकीण. भांडुपला त्यांच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत मी तीन वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहिले. मी त्यांना काकू म्हणायचे. त्या मला 'सातारकरीण' म्हणायच्या, कारण मी पाटण तालुक्यातली. टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. एकट्या राहायच्या. एरवी सगळ्या मुंबईसारखं मराठी बोलायच्या, राग आला की मालवणी.

पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी बांगड्याचं कालवण केलं होतं. आमच्याकडे मासे म्हणजे ओढ्यातले, वर्षातून दोनदा. मी पातेल्यातला शेपटीकडचा तुकडा डावाने उचलला, तो बारीक वाटला म्हणून परत ठेवला आणि मधल्या तुकड्याकडे वळले. काकूंनी माझं मनगट धरलं.

"हात लावलंस मां? आता ताच घे."

"अहो, डावाने उचलला होता."

"डाव हाताचाच. घे."

मी सगळे काटे मुकाट्याने काढत बसले. रात्री आईला फोन करून सांगितलं, बाई जरा विचित्र आहेत. आई म्हणाली, "विचित्र असू दे. दाराला कडी आहे ना?"

बुद्धिबळात एक नियम आहे. पटावरच्या मोहऱ्याला हात लावला की तोच मोहरा खेळायचा. मोहरा नुसता सरळ करायचा असेल तर हात लावण्याआधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणायचं. मागाहून चूक लक्षात आली तरी सुटका नाही. काकूंनी हा नियम पटावरून उचलून सगळ्या आयुष्याला लावला होता. दुकानात साडीला हात लावला की ती घेणारच, म्हणून त्या साडी बघताना दोन्ही हात पाठीमागे बांधून शाळा तपासनिसासारख्या उभ्या राहायच्या. स्टेशनबाहेरच्या भाजीवालीला हे माहीत झालं होतं. ती किडकं वांगं काकूंच्या हातात कोंबायची आणि म्हणायची, "लागला हात! लागला हात!" काकू ते वांगं तिच्याच टोपलीत ठेवून म्हणायच्या, "तू माझ्या हाताला लावलंस. मी नाही लावला. नियम नीट शिक." आणि मग तिथेच उभ्या राहून तिला नियम शिकवायच्या. पाठीमागची गिऱ्हाइकं खोळंबायची.

हा नियम त्यांच्याकडे कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरी बसले आणि वेळ जाईना म्हणून या मुलीला बुद्धिबळ शिकवलं. "शिकवलं म्हणजे काय, हरवायला कुणीतरी हवं होतं," काकू म्हणाल्या. "स्वतः चुकले की चाल परत घ्यायचे. मी घेतली की म्हणायचे, बाईमाणसानं एकदा हात लावला की लावला. मी मनात म्हटलं, ठीक आहे. मी नाही घेणार परत. पण मग कुणालाच घेऊ देणार नाही."

आणि खरंच, कुणालाच घेऊ दिली नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांचं बुद्धिबळाचं घड्याळ असायचं. जुनं, किल्लीचं, शेजारी शेजारी दोन तबकड्या आणि वर दोन बटणं. आपली चाल झाली की आपलं बटण दाबायचं, मग समोरच्याचा वेळ चालू होतो. वेळ संपत आला की तबकडीवरचं छोटं लाल निशाण उचललं जातं आणि वेळ संपला की खाली पडतं. काकू त्यावर भांडायच्या. म्हणजे त्यांच्याशी भांडायचं असेल तर घड्याळ लावून. त्यांची धाकटी बहीण सांताक्रूझहून दर शनिवारी यायची, आणि आईच्या आजारपणात कोण किती राबलं हा वाद दर शनिवारी व्हायचा. दोघींना पंधरा-पंधरा मिनिटं. बहीण बोलताना रडायला लागायची आणि बटण दाबायला विसरायची. काकू शांतपणे पेपर वाचायच्या आणि निशाण पडलं की म्हणायच्या, "झालं. वेळेवर हरलीस. आता चहा घे."

"ताई, तू माणूस आहेस की कोण आहेस गं!"

"नवीन डाव पुढच्या शनिवारी."

मी हे सगळं गमतीने सांगतेय, पण ज्या गोष्टीचा मला राग आहे तिच्याकडे यायला हे सांगायलाच हवं. नाहीतर त्या दिवशी काकू जशा वागल्या, तो म्हातारपणाचा हट्ट होता असं लोकांना वाटतं. मंडळातल्या लोकांना अजून तसंच वाटतं.

काकू स्पर्धा खेळायच्या. घाटकोपरला, बोरिवलीला, जिथे असेल तिथे. खांद्याला शाळेचं दप्तर, त्यात गुंडाळी होणारा रेक्झिनचा पट, मोहऱ्यांची पिशवी, ते घड्याळ आणि दोन पोळ्या. सगळ्यांसाठी खुल्या स्पर्धांत त्या शाळकरी पोरांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत कुणाशीही खेळायच्या. एकदा अशाच एका स्पर्धेत सव्वाशे जणांत चौथ्या आल्या. पहिल्या पाचांना ढाली होत्या. आयोजकांनी चौथी ढाल पाचव्या आलेल्या गृहस्थांना दिली आणि काकूंना 'सर्वोत्कृष्ट महिला' म्हणून काचेचा लेमन सेट दिला. एका व्यक्तीला दोन बक्षिसं नकोत म्हणे. तो सेट काकूंनी खोक्यातून कधी काढला नाही. कपाटावर तसाच होता. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "चौथ्या नंबराचं सरबत आहे. अजून केलेलं नाही."

आता माझ्याबद्दल थोडं. माझे वडील दूध संकलन केंद्रावर मापाडी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मुलुंडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मला आवक-जावक लिपिकाची नोकरी लागली ती तिथल्या सेक्रेटरीसाहेबांमुळे. गावाकडच्या एका गुरुजींनी चिठ्ठी दिली होती, ती साहेबांनी वाचली आणि म्हणाले, "उद्यापासून ये." ही गोष्ट मी कधी विसरले नाही. विसरू नये याची साहेबही काळजी घ्यायचे. पाहुणे आले की मला बोलावून सांगायचे, "ही बघा, खेड्यातली मुलगी. आम्ही उभी केली." मी हात जोडून हसायचे. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उपकार केले होते, ते बोलून दाखवले तर बिघडलं कुठे?

तेच साहेब त्या मंडळाचेही सर्वेसर्वा. महिला दिनाला बुद्धिबळाची स्पर्धा घ्यायची कल्पना त्यांचीच. पहिल्या येणाऱ्या बाईचं नाव पुढच्या निवड स्पर्धेसाठी पाठवलं जाणार होतं, त्याचं पत्र आलं होतं. माझ्या हातूनच आवक झालं होतं. मी काकूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "घड्याळं आहेत का?"

"भाड्याने आणणार आहेत."

"मग येते."

स्पर्धा शाळेच्या सभागृहात होती. अर्ध्या सभागृहात बुद्धिबळ आणि अर्ध्यात पाककला, कारण दोन्हींसाठी एकच प्रमुख पाहुण्या होत्या. मध्ये कापडी पडदा. या बाजूला बायका डोकं धरून विचार करताहेत आणि त्या बाजूला मिक्सर फिरतोय. प्रत्येक खेळाडूला दारात गजरा दिला होता. काकूंनी तो आपल्या घड्याळाला बांधला; भाड्याच्यावर भरवसा नाही म्हणून त्या तेच वापरत होत्या. पंच म्हणून कॉलेजचे पी.टी.चे सर होते. ते कबड्डीतले. त्यांनी सकाळी मला हळूच विचारलं, "उंट तिरकाच जातो ना गं?" मी निकाल लिहायला बसले होते. खेळ मला येत होता, तीन वर्षं काकूंकडे राहून कोणाला येणार नाही?

तरी मी हे सगळं बघून खूश होते. आपल्या ऑफिसने बायकांसाठी एवढं केलं, असं वाटत होतं.

शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर काकू आणि गोवंडीची एक मुलगी. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची, नाइट ड्यूटी करून सरळ आली होती. काकू तिच्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे होत्या. म्हणजे हिशोब साधा होता. डाव बरोबरीत सुटला तर काकू पहिल्या. मुलीला पहिलं यायचं तर जिंकायलाच हवं. मध्यंतरात ती मला म्हणाली होती, "ताई, निवडीत नाव आलं ना, तर घरी बोलता येईल की हे टाइमपास नाय."

बाकीचे डाव आटोपले. हा चालूच. दोघींकडे एकेक हत्ती, काही प्यादी. काकूंचं एक प्यादं जास्त होतं आणि ते वजीर व्हायला दोन घरं उरली होती. काकूंकडे चार मिनिटं होती, मुलीकडे सहा. मी पटाशेजारी उभी राहून बघत होते आणि पडद्यापलीकडून कुणीतरी ओरडलं, "पाहुण्या आल्या! पाहुण्या आल्या!"

साहेब पाहुण्यांना घेऊन सरळ पहिल्या पटाशी आले. मागे फोटोग्राफर.

"वा वा! काय एकाग्रता!" पाहुण्या म्हणाल्या. "मला तर बाई यातलं काही कळत नाही."

साहेब म्हणाले, "चला, एक छान फोटो होऊन जाऊ दे. हात मिळवा बघू दोघी."

काकूंनी मान वर केली नाही. "डाव चालू आहे."

"फोटोपुरतं हो."

"डाव चालू असताना हात मिळवत नाहीत. हात मिळवला म्हणजे डाव संपला."

पाहुण्या घड्याळाकडे बघत हसल्या. त्यांना पुढे ठाण्याला जायचं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मला ती चिठ्ठी आठवली, उद्यापासून ये म्हणालेले आठवले. मी पुढे झाले, दोघींचा वेळ थांबवला आणि काकूंच्या कानाशी वाकले.

"काकू, प्लीज. माझ्यासाठी. फोटोपुरता हात. मी लगेच घड्याळ सुरू करते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. मुलीनेही केला. फ्लॅश पडला. तोच हा फोटो.

आणि साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "झालं! बरोबरी! दोघींचंही अभिनंदन! उचला रे टेबलं, बक्षीस समारंभ घ्यायचाय."

"साहेब, डाव संपला नाही अजून," मी म्हटलं.

"अगं, बरोबरीत काकूच पहिल्या येतात ना? तुझ्याच घरमालकीण. मग तुला काय अडचण? लिही."

पी.टी.चे सर म्हणाले, "हात मिळवला की बरोबरी असतेच बहुतेक." स्वयंसेवकांनी पट उचलला. मोहरे पिशवीत पडल्याचा आवाज आला. मी निकालाच्या कागदावर दोन्ही नावांपुढे बरोबरीचा अर्धा-अर्धा गुण लिहिला. माझ्या स्वतःच्या अक्षरात. खाली सरांनी सही केली.

त्या क्षणी मी काय विचार करत होते, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. काहीच नाही. साहेब म्हणाले लिही, मी लिहिलं. शाळेत गुरुजी म्हणायचे आणि आम्ही लिहायचो, तसं.

काकूंकडे चालींचा कागद होता. खेळताना प्रत्येक चाल लिहावी लागते. त्यांनी दप्तर आणि घड्याळ उचललं आणि मुलीला म्हणाल्या, "चल गो."

"किधर काकू?"

"डाव संपवू."

सभागृहाबाहेर चपला काढायची जागा होती, तिथे एक बाक होता. काकूंनी त्यावर आपला रेक्झिनचा पट अंथरला, कागद बघून एकेक मोहरा बरोबर जागी ठेवला. घड्याळावरचा गजरा सोडून बाजूला टाकला. "माझी चार, तुझी सहा. बघून घे. बरोबर?" मुलीने आपला कागद काढून सगळं तपासलं, मान हलवली. आणि चपलांच्या ढिगाशेजारी दोघी खेळायला लागल्या. घड्याळ टिकटिकत होतं. आत माइकवर मोदकांचं बक्षीस जाहीर होत होतं.

मी दारात उभी. आतही नाही, बाहेरही नाही.

मग स्पीकरवर काकूंचं नाव पुकारलं. "बुद्धिबळ प्रथम क्रमांक!" टाळ्या. दुसऱ्यांदा पुकारलं. साहेबांनी दारातल्या मला हाताने खुणावलं, आण त्यांना. मी बाहेर धावले. काकूंची चाल होती, दीड मिनिट उरलं होतं. त्यांना हत्तीने शह द्यायचा होता. तीन चालींत प्यादं वजीर झालं असतं, हे मलाही दिसत होतं. हत्तीच्या बाजूलाच राजा होता.

"काकू, स्टेजवर बोलावतायत," असं म्हणून मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

त्यांची बोटं राजावर टेकली.

एवढंच. त्यांनी झटकन हात वर घेतला. मुलगी म्हणाली, "काकू, छोडो ना. ताईने धक्का दिला. तुम्ही अ‍ॅडजस्ट बोललात असं समजू. हत्ती खेळा."

"बोलले नाही मी अ‍ॅडजस्ट."

"अरे, पण हे कुठे लिहिलं जाणार आहे! आत तर तुम्हाला फर्स्ट देऊन पण टाकलं!"

"हात लावला," काकू म्हणाल्या आणि राजा एक घर सरकवला. बटण दाबलं.

मुलीने त्यांच्याकडे बघितलं, मग पटाकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने चूक केली नाही. राजा हलल्यावर प्यादं उघडं पडलं होतं. तिच्या हत्तीने ते मारलं. पुढच्या दहा-बारा चालींत तिचं स्वतःचं प्यादं पुढे गेलं. काकूंनी पट नीट बघितला, घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

"आता मिळव. आता संपला."

मग त्या आत गेल्या. चपला घालूनच. स्टेजवर चढल्या. साहेबांच्या हातात चषक तयार होता. काकूंनी माइक घेतला.

"शेवटचा डाव मी हरले. ही गोवंडीची मुलगी जिंकली. पहिला नंबर तिचा आहे. निकाल बदला."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी डोळे पुसले. साहेब माइक ओढून म्हणाले, "बघा भगिनींनो, केवढं हे मोठं मन! स्वतःचा मान दुसरीला द्यायचा! स्त्री ही शेवटी त्यागाचीच मूर्ती!"

"कसलो त्याग?" काकूंचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी हरलंय! हरलंय म्हणजे हरलंय! माका त्याग येता की नाय ता तुका काय म्हायत?"

लोक हसले. परत टाळ्या वाजल्या. साहेबांनी चषक त्यांच्या हाताशी नेला, काकूंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. साडीच्या दुकानात बांधायच्या तसे. तो चषक शेवटी साहेबांनी माझ्या हातात दिला. "घरी देऊन टाक. मूड गेलाय त्यांचा."

मी घेतला. घेतला!

आजही कुणी हा प्रसंग सांगितला की 'मोठ्या मनाच्या बाई' म्हणून सांगतं. मला चीड येते ती याचीच. तासभर डोकं चालवून एक मुलगी जिंकली, तिचं कुणाला काही नाही. एका म्हातारीने नियम पाळला, त्याचंही काही नाही. पुरुषांच्या स्पर्धेत शेवटचा डाव मध्येच उचलून 'झालं, बरोबरी' म्हणायची कुणाची हिंमत झाली असती? तिथे मारामारी झाली असती. इथे सगळ्यांच्या मते बायकांचा कार्यक्रम होता, गजरा होता, मोदक होते, मग निकाल खरा असला काय आणि नसला काय. आणि काकूंनी खरं सांगितलं तर लोकांनी त्यालाही त्याग ठरवून टाकलं.

घरी आल्यावर मी चषक टेबलावर ठेवायला गेले.

"इथे नको. तू हात लावलास, तू सांभाळ."

"मी काय करू काकू? साहेबांनी लिहायला सांगितलं."

"अक्षर कुणाचं आहे?"

मी चषक आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

तो शनिवार. स्पर्धेमुळे बहिणीची फेरी चुकली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम फोन करून म्हणाली, "ताई, अगं मिळालंय तर घे की! हट्ट कसला?" काकूंनी तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मी सांगायचा प्रयत्न केला की माझी नोकरी आहे, घरी भाऊ शिकतोय, साहेबांचे उपकार आहेत. त्यांनी तेही ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उपकार तुझ्यावर आहेत. त्या मुलीवर नाहीत."

सोमवारी सकाळी मी चहाला बसले, तेव्हा टेबलावर घड्याळ होतं. किल्ली दिलेली. त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला आणि आपल्या बाजूचं बटण दाबलं. माझी तबकडी टिकटिकायला लागली. त्या वळून घावण्यांचं पीठ भिजवायला लागल्या. पाठमोऱ्याच. मी चहा प्यायले, डबा भरला, चप्पल घातली. दार ओढताना टिकटिक ऐकू येत होती.

ऑफिसात निकालाचा कागद माझ्याच टेबलावर होता, निवड स्पर्धेच्या पत्राला जोडून जावक करायचा. दुपारपर्यंत मी तो उलटा ठेवला. जेवणाच्या सुट्टीत पी.टी.च्या सरांकडे नेला. त्यांना बाकावर काय घडलं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला तरी कुठे कळलं होतं गं! कबड्डीत असं करता येत नाही. शिट्टी होईपर्यंत खेळायचंच असतं." मी काकूंच्या नावापुढचा अर्धा खोडला, शून्य लिहिलं. मुलीच्या नावापुढचा अर्धा खोडला, एक लिहिला. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की खाडाखोड केली तर शेजारी सही करायची. मी केली. सरांनीही केली. जावक क्रमांक टाकला, शिपाईमामांबरोबर पाकीट पाठवलं आणि मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

साहेब बराच वेळ बोलले. सगळं लिहिण्यासारखं नाही. एक वाक्य तेवढं सांगते. "तुला इथे कुणी आणलं, ते विसरलीस?"

"नाही साहेब," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. "म्हणून स्वतः सांगायला आले."

आठवडाभरात माझं टेबल तळमजल्यावरच्या स्टेशनरीच्या खोलीत गेलं. तिथे खिडकी नव्हती. दोन वर्षं तिथेच काढली, मग दुसरी नोकरी मिळाली. ती मुलगी निवड स्पर्धेला गेली. तिथे फार पुढे नाही गेली, पण गेली. चषक मी गोवंडीला तिच्या घरी नेऊन दिला. तिच्या आईने तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "इतने दिन कहाँ था?" काकू आता मालवणजवळ गावाला असतात. तिथल्या शाळेतल्या पोरांना चाल परत घेऊ देत नाहीत म्हणून पालकांची तक्रार आहे, असं त्यांची बहीण सांगते. फ्लेक्सबद्दल मी मंडळाला दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिसरं लिहिणार आहे.

त्या सोमवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा काकू तव्यावर घावणं घालत होत्या. घड्याळ टेबलावर तसंच होतं. माझ्या बाजूचं लाल निशाण केव्हाच पडलं होतं.

"बदललं," मी म्हटलं. "सही केली शेजारी."

त्यांनी घावणं उलटलं. गॅस बारीक केला. टेबलाशी येऊन घड्याळ थांबवलं.

"उशीर केलंस," त्या म्हणाल्या. "पण चाल बरोबर आसा."

आणि त्यांनी हात पुढे केला. बोटांना पीठ लागलं होतं. मी तो मिळवला.